मालमोटारीचा उमेदवार

लातूरच्या डाळगिरण्यांतून माल भरून निघणाऱ्या मालमोटारीवर, किंवा नांदेडच्या एखाद्या गाडीवर, गांवचा तरुण पूर्वीं चढे तो क्लीनर म्हणून. दोर आवळणें, काच पुसणें आणि वस्तादाची मर्जी सांभाळणें यांतच वर्षें जात. आतां कांहीं कंपन्या शिकविण्याचा खर्च स्वतः सोसतात, ही सोय खरीच. पण कायद्याची वाट त्यामुळें आखूड होत नाहीं.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें भाड्याची वा मालाची गाडी चालविणाऱ्यास २० वर्षें पुरीं हवींत, आणि हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर पदरीं असल्यावांचून शिकाऊ परवानाहि मिळत नाहीं. आठवी उत्तीर्णतेची अट मात्र २०१९ मध्यें उठली. जड वाहनाच्या शिक्षणास निदान ३० दिवस, व प्रत्यक्ष चालविण्याचे १५ तास नेमलेले आहेत. तेवढ्यांत गाडी वळवितां येते. परंतु बालाघाटाच्या उतारावर भरलेली गाडी खालच्या गिअरमध्यें रोखून धरणें जुन्या चालकाशेजारीं बसूनच उमगतें. सारखा दाबलेला ब्रेक तापतो व ऐन वेळीं धरत नाहीं.

कंपनीचा खर्च हा दानधर्म नव्हे. त्यापोटीं बहुधा ठराविक मुदतीच्या नोकरीचा करार असतो. मध्येंच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, शिकतांना भत्ता मिळेल कीं नाहीं, हें सहीपूर्वीं वाचून, न समजल्यास कोणाकडून वाचवून घ्यावें. परवाना निघतो तो चालकाच्याच नांवें. तो मूळ परवाना मालकाच्या पेटींत ठेवूं नये.