दोष डब्यात नाही, जोडात शोधा

मुळशीत घरच्या घरी गाडीत बसवलेला रिमोट स्टार्टर पावसाळ्यात रुसला, की पहिला संशय त्याच्या नव्या डब्यावर जातो. माझ्या मते तो आधी वायरींच्या जोडांवर जायला हवा. ताम्हिणीच्या पट्ट्यात पावसाळाभर हवा ओली असते. वायर नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडात ही ओल शिरते, तांबं हिरवट पडतं आणि रोध वाढतो. तो अवघा 0.1 ओहम वाढला आणि इग्निशनचा 15 अँपिअर प्रवाह तिथून गेला, तर ओहमच्या नियमाने दीड व्होल्ट त्या जोडातच संपतात. स्टार्टर फिरताना बॅटरी आधीच 12.6 वरून 10 व्होल्टच्या आसपास उतरलेली असते. मग रिले नुसती कटकट करते.

‘पण किल्लीने तर गाडी लगेच सुरू होते!’ हा आक्षेप रास्त वाटतो. मात्र किल्लीचा प्रवाह बहुधा या नव्या जोडांतून जातच नाही. म्हणून रिमोटने स्टार्ट देतानाच मल्टिमीटरने बॅटरीचं धन टोक आणि डब्याची पुरवठ्याची वायर यांच्यातला फरक मोजा, अर्थचाही तसाच. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर जोड सोल्डर करा. इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडत असेल, तर मात्र कारण बहुधा इमोबिलायझर: त्याला किल्लीतली चिप सापडलेली नसते. आणि हातगिअरच्या गाडीत क्लचचा स्विच परस्पर जोडून टाकला असेल, तर तो जोड आजच काढा. गिअरमध्ये राहिलेली गाडी रिमोट दाबताच पुढे उडी घेते.