पहिला बाण

“मग, किती हरणं मारलीस?”

अमेरिकेहून परतल्यावर ग्रंथालयाच्या पायरीवरच मैत्रिणींनी मला अडवले. प्रश्न थट्टेचा होता, पण त्याला थोडी धारही होती. कारण मी पाठवलेल्या एका छायाचित्रात माझ्या हातात धनुष्य होते आणि शेजारी झाडाच्या सालीसारखे चट्टेपट्टे असलेल्या कपड्यांतले एक वृद्ध गृहस्थ उभे होते. उत्तर सोपे आहे : मी एकही हरीण मारले नाही. बाण सोडले ते सगळे फोमच्या ठोकळ्यावर. परंतु धनुष्याने शिकार करणारा माणूस हंगामापूर्वी काय काय तयारी करतो, हे मी चार महिने जवळून पाहिले. महाविद्यालयाच्या संघातून दोन वर्षे तिरंदाजी खेळल्यामुळे धनुष्यातले आपल्याला कळते, असा माझा समज होता. तो कसा उतरला, ते सांगण्यासाठी हा लेख.

गेल्या वर्षी मामीच्या बाळंतपणासाठी आजीला विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला जायचे होते. सोबत म्हणून माझी रवानगी झाली. (एक सत्र बुडाले. हजेरीचा विषय प्राचार्यांनी मोठ्या मनाने मिटवला, त्यांची मी ऋणी आहे.) आजी माळकरी. विमानातसुद्धा तिने घरचे दशमी-पिठलेच खाल्ले. आणि मामाचे कुंपण ज्यांच्या अंगणाला लागून, ते शेजारी नेमके शिकारी निघाले! शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. आम्ही त्यांना आपसात ‘मास्तर’ म्हणत असू. मी अंगणात रबरी पट्टा ताणून सराव करीत होते, तेव्हा कुंपणापलीकडून त्यांनी विचारले, “कोणतं धनुष्य?” ओळख झाली ती अशी.

तिकडच्या शिकारीविषयी दोन शब्द आधी सांगायला हवेत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ बंदच केली. गंमत अशी, की त्याच १९७२ साली अमेरिकेने धनुष्यबाणांवर ११ टक्के कर बसवण्याचा कायदा केला आणि तो पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाकडे वळवला. दक्षिण विस्कॉन्सिनच्या शेतीच्या मुलखात लांडगे फारसे उरले नाहीत, त्यामुळे पांढऱ्या शेपटीची हरणे माजतात, पिके आणि जंगलातली रोपे फस्त करतात. शिकारीला परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यास सुरू होतो. केवळ धनुष्यासाठी वेगळा हंगाम सुरू करणारे अमेरिकेतले पहिले राज्य विस्कॉन्सिनच. साल १९३४, सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत आल्डो लिओपोल्ड होते. पर्यावरणाच्या तासाला ज्यांचे नाव आपण ऐकतो, ते ‘सँड काउंटी अल्मनॅक’चे लेखक. मॅडिसनच्या विद्यापीठात ते प्राध्यापक होते आणि स्वतःची धनुष्ये स्वतः तासून बनवीत. त्यांच्या पत्नी एस्टेला राज्याच्या तिरंदाजी विजेत्या होत्या.

एवढे ऐकूनही मला ते पटले होते असे नाही. आजीला तर मुळीच नाही. ती म्हणाली, “दशरथानंही असंच काहीतरी सांगितलं असेल श्रावणाच्या आईबापाला.” मी हे मास्तरांना भाषांतर करून सांगितले. शब्दवेधी बाणाची गोष्ट त्यांनी लक्षपूर्वक ऐकली आणि मग स्वतःची एक गोष्ट सांगितली. पुढे त्यांनी जे जे मला शिकवले, त्या सगळ्याचे मूळ त्या गोष्टीत आहे.

तरुणपणी त्यांनी दुकानदाराच्या सांगण्यावरून ७० पौंडांचे धनुष्य घेतले. म्हणजे दोरी पूर्ण ओढायला ७० पौंडांचा जोर. जोर जास्त तेवढा बाण वेगवान, हे खरेच आहे. दुकानात ते त्यांनी सहज ओढले. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी तीन तास थंडीत बसल्यावर हरीण आले, तेव्हा आखडलेल्या हातांनी ते ओढवेना. धनुष्य आभाळाकडे उंचावून, सगळे अंग हिसडून ओढावे लागले. हरणाने हालचाल पाहिली आणि ते दूर सरकले. घाईघाईत त्यांनी चाळीस-बेचाळीस पावलांवरून बाण सोडला. तो पोटात लागला. ते लगेच मागे धावले, हरीण आणखी पुढे पळाले. रात्री पाऊस आला, रक्ताचे थेंब धुऊन गेले. दोन दिवस शोधले, सापडले नाही. हे सांगताना मास्तर माझ्याकडे पाहत नव्हते.

म्हणून धनुष्य निवडण्याची त्यांची पहिली परीक्षा फार साधी आहे. खुर्चीवर बसायचे, दोन्ही पाय जमिनीपासून उचलायचे, धनुष्य समोर धरायचे आणि वर-खाली न करता सरळ मागे ओढायचे. जमले तर ते धनुष्य तुमचे; न जमले तर पाच पौंड खाली या. विस्कॉन्सिनचा कायदा किमान ३० पौंड मागतो. मास्तर आता ५० वापरतात.

दुसरी गोष्ट ओढीच्या लांबीची. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंचांत मोजायचे आणि अडीचने भागायचे. माझे माप ६४ इंच, म्हणजे ओढ सुमारे साडेपंचवीस. साध्या धनुष्यावर लिहिलेले पौंड २८ इंचांच्या ओढीला मोजलेले असतात आणि दर इंचाला साधारण दोन पौंड कमी-जास्त होतात. म्हणजे चाळीसचा शिक्का असलेले धनुष्य माझ्या हातात पस्तिसाचेच. हे मला दोन वर्षांत कोणी सांगितले नव्हते, मीही विचारले नव्हते.

प्रकार कोणता घ्यावा? आपण आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत बांबूचे धनुष्य वापरतो. ऑलिम्पिकमध्ये टोके पुढे वळलेले रिकर्व्ह असते. तिसरे कंपाऊंड, दोन्ही टोकांना चाके असलेले. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला जागतिक सुवर्णपदक मिळवले ते याच धनुष्यावर. मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलनला त्याचे पेटंट १९६९ साली मिळाले. चाकांची करामत अशी, की दोरी पूर्ण मागे आली की भार एकदम हलका होतो. साठ पौंडांचे धनुष्य ताणून धरायला बारा-पंधरा पौंडच पुरतात. खेळात याचा उपयोग नेम स्थिर करायला होतो. शिकारीत त्याहून मोठा उपयोग वाट पाहण्याचा, कारण हरीण झाडाआड थांबले तर रिकर्व्हवाल्याचे हात काही क्षणांत थरथरू लागतात. मास्तरांकडे दोन्ही होती. शिकारीसाठी कंपाऊंड, माझ्या हाती त्यांनी जुने रिकर्व्ह दिले आणि बजावले, की बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही. बाणात जायची ती सारी शक्ती मग धनुष्याच्या अंगातच फुटते.

आणखी एक, डोळा. दोन्ही तळव्यांची खिडकी करून दूरची वस्तू पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू खिडकीतच राहते तो प्रबळ. उजव्या हाताच्या पण डाव्या डोळ्याच्या माणसाने हे वेळीच जाणले नाही, तर तो वर्षानुवर्षे बाण एकाच बाजूला मारीत बसतो आणि दोष वाऱ्याला देतो. आमच्या संघातले एक उदाहरण मला लगेच आठवले. नाव सांगत नाही.

बाणांविषयी मास्तर धनुष्यापेक्षा जास्त बोलत. सुटताना बाण सरळ जात नाही. तो माशासारखा वळवळतो आणि मग सावरतो. त्याचा ताठपणा धनुष्याच्या जोराशी जुळला नाही तर तो सावरतच नाही. वजन ग्रेनमध्ये मोजतात. मास्तरांचे बाण साडेचारशे ग्रेनचे, म्हणजे जवळजवळ २९ ग्रॅम. हलका बाण वेगाने जातो, पण धनुष्याचा आवाज वाढवतो आणि आत कमी शिरतो. जड बाण निमूटपणे काम करतो. सरावाला गोल टोक चालते. शिकारीला पात्यांचा फाळ लागतो, ब्रॉडहेड म्हणतात तो. वस्तऱ्याइतका धारदार असल्याशिवाय मास्तर तो भात्यात ठेवीत नसत. पण ती पाती हवेत पंखांसारखी वागतात. गोल टोकाने मधोमध लागणारा बाण फाळ लावताच चार बोटे बाजूला जातो. म्हणून हंगामाआधीचा महिनाभर सराव त्याच वजनाच्या, त्याच फाळाने करायचा.

आता सराव. खरे तर माझी फजिती इथेच झाली.

पहिल्या दिवशी तीस यार्डांवर (साधारण २७ मीटर) मी छत्तीस बाण मारले. शेवटचे वीस छान एकत्र बसले होते. मी कौतुकाच्या अपेक्षेने मागे वळून पाहिले. मास्तरांनी विचारले, “पहिला कुठे गेला?” पहिला ठोकळ्याच्या वरून गवतात गेला होता. सामन्यात आपण आधी सरावाचे बाण मारतो, अंग तापवतो; एक चुकला तर पुढचे पस्तीस सावरून घेतात. हरणाला त्या पस्तिसांशी कर्तव्य नसते.

दुसऱ्या दिवसापासून नेम ठरला. सकाळी उठल्यावर, अंग न तापवता, जाडे जॅकेट घालून बाहेर यायचे आणि एकच बाण मारायचा. ठोकळ्यावर जेवणाची कागदी ताटली टाचलेली. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण तेवढीच, आठ-नऊ इंचांची. ताटलीत लागला की नाही, एवढेच वहीत लिहायचे. मधोमध की काठाला, याची नोंद नाही. त्यानंतर दिवसभर हवे तितके बाण मारा, वहीत त्यांना जागा नाही.

जुलैत तीस यार्डांवर वीस सकाळींत माझे अकरा बाण ताटलीत लागले. ते आकडे पाहून मला दोन दिवस जेवण गोड लागले नाही. मग वीस यार्डांवर आले. तिथे ऑगस्टअखेर विसांत अठरा झाले. मास्तरांचा हिशेब असा : दहा पहिल्या बाणांतले नऊ ज्या अंतरावरून लागतात ती तुमची हद्द, आणि जंगलात त्यातूनही थोडे वजा करायचे. त्यांची अंगणातली हद्द पंचवीस यार्ड, जंगलातली वीस.

एवढे जवळ कशासाठी, याचे गणित त्यांनी कागदावर मांडून दाखवले. बाण सेकंदाला २७० फूट जातो, आवाज ११०० फूट. म्हणजे दोरीचा आवाज हरणाला बाणाच्या आधी पोचतो. ते दचकून उडी घेण्यासाठी प्रथम खाली दबते आणि बाण पाठीवरून जातो, किंवा नको तिथे लागतो. वीस यार्डांवर त्याला सेकंदाचा जेमतेम सहावा भाग मिळतो. चाळीस यार्डांवर तिसरा. नेम कितीही चांगला असला तरी हा वेळ तुमच्या हातात नाही.

उरलेला सराव अंतर ओळखण्याचा आणि उंचीवरून मारण्याचा. चालता चालता झाडावर नजर ठेवायची, मनात आकडा बांधायचा आणि पावले मोजायची. तलावाकाठी मी हे इतके करीत असे, की बाबागाडीतल्या मामेबहिणीचे पहिले ऐकलेले शब्द बहुधा मराठी पाढेच असतील. मचाणावरून खाली नेम धरताना हात खाली करायचा नाही, कमरेत वाकायचे. मचाणावर चढल्यापासून उतरेपर्यंत अंगाला पट्टा बांधलेला हवा आणि धनुष्य दोरीने मागाहून वर ओढून घ्यायचे. हरणापेक्षा पडण्यानेच शिकाऱ्यांची हाडे अधिक मोडतात.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी एकदाच त्यांच्याबरोबर गेले. दोन तास बसलो. थंडीने माझी बोटे बधिर झाली आणि खुर्चीची परीक्षा मला तेव्हा खरी कळली. अंधारायच्या थोडे आधी मोठ्या शिंगांचा नर आला, आडवा उभा राहिला, शांतपणे बलुताची फळे खाऊ लागला. मी सवयीने अंतर बांधले : अठ्ठावीस. मास्तरांनी धनुष्य उचललेच नाही. दहा मिनिटांनी नर निघून गेला. उतरल्यावर त्यांनी पावले मोजली. एकोणतीस भरली.

चार दिवसांनी संध्याकाळी त्यांनी कुंपणावरून हाक मारली. सतरा पावलांवरून एका मादीवर बाण सोडला होता, विजेरी धरायला कोणी हवे होते. अर्धा तास तिथेच थांबून मगच ते निघाले होते. पोटात लागल्याची शंका असती तर रात्र जाऊ दिली असती. पानांवरचे रक्त गुलाबी, फेसाळ होते. फुप्फुसाचे रक्त असे असते. हिरवट आणि दुर्गंधी असते तर ते पोटाचे. साठेक पावलांवर ती पडलेली होती. जखम बरोबर तिथे होती, जिथे मी रोज सकाळी ताटली टाचीत होते. मास्तरांनी टोपी काढली आणि काही वेळ उभे राहिले. विजेरी माझ्या हातात हलत होती. नेम अचूक होता हे मला दिसत होते आणि त्याच वेळी मला तिथून पळूनही जावेसे वाटत होते.

घरी आले तेव्हा आजी जागीच होती. तिने मला आधी न्हाणीत पाठवले. मग विचारले, “तडफडलं का फार?”

“नाही,” मी म्हणाले.

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर मांसाचा डबा घेऊन आले, तो तिने उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. त्यांना मात्र आत बोलावले, बसवले आणि पुरणपोळी वाढली.