सावकाशीतून त्वरा

मैफलीत तबलजीची बोटे तबल्यावर नाचू लागली, म्हणजे ऐकणारा थक्क होतो. एवढी त्वरा त्या बोटांत आली कोठून, असा प्रश्न त्यास पडतो. मुलांनो, उत्तर ऐकून तुम्हांला नवल वाटेल. ती त्वरा सावकाश वाजवण्यातून आलेली असते.

‘तिरकिट’ हा बोल घ्या. त्यात चार अक्षरे आहेत. त्यांपैकी ‘कि’ डाव्या हाताने डग्ग्यावर वाजते. उरलेली तीन उजव्या हाताने तबल्यावर उमटतात. नवशिक्याने हा बोल घाईने वाजवला, तर एखादे अक्षर दबते, एखादे गळते. हातास चूक आणि बरोबर यांतील भेद कळत नाही. जे वारंवार करावे, तेच त्याच्या अंगवळणी पडते. अशी मुरलेली चूक काढून टाकणे फार कष्टाचे असते.

म्हणून जाणते गुरू बोल प्रथम तोंडाने म्हणवून घेतात. शिष्य हाताने टाळी देत अक्षरे स्पष्ट उच्चारतो. यास ‘पढंत’ म्हणतात. जे तोंडी स्वच्छ येत नाही, ते हातात कसे यावे?

मग एका मात्रेस एक अक्षर या बेताने वाजवावयाचे. मिनिटास ६० मात्रा धरल्या, तर ‘तिरकिट’ला चार सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत मनगट ताठ तर झाले नाही ना, पुढचे बोट वेळेवर उचलले गेले ना, हे नीट पाहता येते. अक्षरे सारखी उमटू लागली, की मात्रेस दोन अक्षरे घ्यावीत; ही दुगुन. नंतर चार, ही चौगुन. आता तोच बोल एका सेकंदात वाजतो. तीनतालाच्या १६ मात्रांत जो आधी चार वेळा बसत होता, तो आता सोळा वेळा बसतो. लय ढळू नये म्हणून हार्मोनियमवर किंवा सारंगीवर एकच धून पुनःपुन्हा वाजवीत राहतात. तिला ‘लेहरा’ म्हणतात.

लांब रचनेत हात बहुधा एकाच जागी अडखळतो. अशा वेळी सारी रचना पहिल्यापासून वाजवीत बसू नये. अडलेले अक्षर आणि त्याच्या मागचे-पुढचे अक्षर, एवढेच वेगळे काढून घोटावे. चौगुनीत बोल पुसट झाला, तर निमूटपणे दुगुनीत परत यावे. असे परतण्यात कमीपणा नाही. तयारीचे वादकही आपला हात संथ लयीत तपासून पाहतात.

सतार असो, बासरी असो वा व्हायोलिन असो, रियाजाची रीत हीच. आधी शुद्धता, मग गती. शुद्धतेच्या मागून आलेली गतीच हातात टिकते.