वरंध घाटात आरसा का धुरकटतो?

भोरहून महाडकडे जाणारा वरंध घाट किंवा वेल्ह्याकडचा मढे घाट. पावसाळ्यात इथे ढग रस्त्यावरच उतरतात आणि गाडीचे बाजूचे आरसे काही मिनिटांत पांढरे पडतात.

हवेत बाष्प ठासून भरले की तिचा दवबिंदू तिच्या तापमानाच्या अगदी जवळ येतो. मग काच हवेपेक्षा जराशी जरी थंड असली, तरी तिच्यावर बारीक थेंब धरतात. काही गाड्यांत आरशामागे विजेवर तापणारी पातळ पट्टी असते. काच दवबिंदूपेक्षा गरम झाली की नवे थेंब धरत नाहीत, जुने उडून जातात. बऱ्याच गाड्यांत मागच्या काचेच्या डीफॉगरचे बटण दाबले की हीही चालू होते आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडते.

मात्र तिच्याकडून फार अपेक्षा नको. १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते. हीटर २० वॅटचा धरला, तर एवढ्यालाच दोन मिनिटे. धुक्याचा थर जाईल, पण सह्याद्रीच्या धो-धो सरीपुढे तिचा टिकाव लागणार नाही.

शिवाय आरसा दिसतो तो दाराच्या काचेतून. ती आतून धुरकटली तर एसी लावा, कारण तो हवा कोरडी करतो. बाहेरून धुरकटली तर एसीचा गारवा कमी करा. आरसा तापवणारी सोय नसेल, तर कोरडे फडके हाताशी ठेवा आणि वळणावर नव्हे, मोकळी जागा पाहून गाडी थांबवूनच पुसा.