दोन कागदांतून उतरणारी वाट

माजरीच्या खुल्या कोळसा खाणीत काठावरून डोकावले, तर डंपर वळणे घेत खालून वर येताना दिसतात. त्यांची वाट एकाच वेळी वळतेही आणि चढतेही. अशी रेषा एका सपाट कागदावर मावत नाही. मग ती आखावी कशी?

फ्रेंच गणिती गास्पार मोंज याने अठराव्या शतकात तोड काढली: वस्तूची दोन चित्रे काढावीत, एक वरून, एक बाजूने. आजचा संगणक याच वाटेने जातो. नकाशातील वक्ररेषेवर तो जणू उभी कनात लावतो, कनात सरळ पसरून तीवर उताराची रेघ मारतो, आणि कनात पुन्हा वळणावर उभी करतो. रेघ अवकाशात वळते! १६ मीटरला १ मीटर उतार धरला, तर ८० मीटर खोल जाण्यास नकाशावर १२८० मीटर वाट हवी.

मात्र येथे एक फसगत आहे, आणि तिच्याशी चालकाच्या जिवाची गाठ आहे. ही रेघ रस्त्याच्या मध्याची. वळणावर मध्यरेषेची त्रिज्या ३२ मीटर व आतील कडेची २० मीटर असेल, तर उतरायचे तेवढेच, पण आतून अंतर आखूड. म्हणून तेथे उतार १० ला १ होतो. भरलेला डंपर चढताना दमतो, रिकाम्याचे ब्रेक तापतात. यास्तव आम्ही म्हणतो, दोन्ही कडांच्या वक्ररेषाही वेगळ्या काढाव्यात, आणि अशा वळणावर मध्यरेषेचा उतार २६ ला १ इतका सौम्य ठेवावा. मग आतली कड १६ ला १ च्या आत राहते.