हाडांचं इंजेक्शन : तारीख चुकवू नका!

“अगं, आता पाठ दुखत नाही की काही नाही. कशाला पुन्हा ते इंजेक्शन?” आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या आणि सहामाही इंजेक्शन त्यांनी सोडून दिलं. वर्षाच्या आत, साधी पाण्याची बादली उचलताना पाठीत कळ आली. एक्स-रे काढला, तर दोन मणके दबलेले!

मैत्रिणींनो, इथेच आपली गफलत होते. हाडांची झीज मुळात दुखतच नाही. दुखतं ते हाड मोडल्यावर. म्हणून ‘दुखत नाही’ म्हणजे ‘बरं झालं’ असं मुळीच नाही.

आपलं हाड जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड काढून टाकतात, काही नवं भरतात. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि काढणाऱ्यांचा जोर वाढतो. काकूंचं इंजेक्शन होतं डेनोसुमॅबचं. अमेरिकेत त्याला २०१० साली मान्यता मिळाली. दर सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅम कातडीखाली टोचतात. ते काढणाऱ्या पेशींना आवरून धरतं. पण त्याचा असर उतरला की त्याच पेशी अधिक जोमाने कामाला लागतात, आणि एकामागून एक मणके मोडू शकतात. बंद करायचंच असेल, तर डॉक्टर त्याच्या जागी दुसरं औषध सुरू करतात. आपल्या मनाने मात्र कधीच सोडू नये.

सगळी इंजेक्शनं सारखी नसतात. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा शिरेतून, सलाइनसारखं देतात. ते हाडात बराच काळ टिकतं. पहिल्या खेपेला एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते, घाबरू नका. टेरिपॅराटाइड नवं हाड बनवतं. ते पेनने रोज घरीच टोचायचं आणि पेन फ्रिजमध्ये ठेवायचं. साधारण दोन वर्षांनी ते थांबवतात, पण त्यानंतरही दुसरं औषध लागतंच. नाहीतर केलेली कमाई वाया!

इंजेक्शनआधी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचं काम तपासून घ्या. दाढ काढायची असेल तर आधी उरकून घ्या आणि दातांच्या डॉक्टरांनाही इंजेक्शनबद्दल सांगा. नंतर ओठांभोवती, बोटांत मुंग्या आल्या किंवा पेटके आले, तर लगेच डॉक्टरांना कळवा. कॅल्शियम कमी झाल्याची ती खूण असू शकते.

आणि एक सोपी युक्ती. गॅस सिलिंडरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो ना आपण? तिथेच इंजेक्शनची तारीखही लिहा, लाल शाईने. लग्नकार्य असो, नातवाची परीक्षा असो, ती पुढे ढकलायची नाही. घरादाराच्या तारखा आपण सांभाळतोच. ही एक आपली स्वतःची!