क्योतोतला रिकाम्या खोलीचा थाट

क्योतोतलं 'तावाराया' हे 300 वर्षांहून जुनं रियोकान, म्हणजे जपानी धाटणीचं अतिथिगृह. खोल्या जेमतेम 18. भाडं डोळे पांढरे करणारं, आणि आत पाहावं तर खोली जवळजवळ रिकामी! तातामीच्या चटया, बुटकं मेज, तोकोनोमा नावाच्या कोनाड्यात एक चित्रपट्टी आणि ऋतूतलं फूल. बस्स. पैसा मुरलाय तो लाकडी टबात, सरकत्या दारापलीकडच्या बागेत आणि खोलीतच एकेक करून येणाऱ्या काइसेकी, म्हणजे पारंपरिक जपानी भोजनाच्या, पदार्थांत. पलंग नाही, गाद्या रात्री घालतात. माझ्या मते खरी चैन हीच.

कुठल्याही रियोकानात गेलात तर तातामीवर स्लीपरसुद्धा नको, आणि तोकोनोमात बॅग तर मुळीच ठेवू नका. भाडं बहुतेक ठिकाणी माणशी असतं, खोलीमागे नव्हे. बुकिंगआधी नीट बघा.